छोट्या कलासंग्रहालयात इंटर्नशिप: अर्जापासून शेवटच्या दिवसापर्यंत

मोठ्या संग्रहालयात इंटर्न म्हणून गेलात की एका विभागात बसवतात आणि दोन महिने तुम्ही त्या विभागाचंच काम करता. छोट्या संग्रहालयात विभाग नसतात. एक क्युरेटर, एक लिपिक, दोन-तीन पहारेकरी, झाडलोट करणाऱ्या मावशी, झालं. सकाळी नोंदवही घेऊन बसलेला माणूस दुपारी शाळेच्या सहलीला दालन दाखवतो आणि संध्याकाळी गळक्या छताखालची शोकेस सरकवायला हात लावतो. काम शिकायला यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही. मात्र तुमच्यासाठी आखलेला कार्यक्रम तिथे कुणी तयार ठेवलेला नसतो. इथेच बरेच जण गडबडतात. दोन महिने इकडेतिकडे हाताखाली काम करतात, प्रमाणपत्र घेतात आणि पुढे मुलाखतीत 'तिथे नक्की काय केलंत?' असं विचारलं की अडखळतात.

त्यामुळे पहिल्यापासून एक गोष्ट डोक्यात ठेवा: तुमच्या मुदतीत पूर्ण होईल आणि तुम्ही गेल्यावरही संग्रहालयाला वापरता येईल, असं एक काम हातात घ्यायचं. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूने शिकून होतं.

जागा शोधणं

महाराष्ट्र-गोव्यात छोटी कलासंग्रहालयं वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत आणि प्रत्येकाचा कारभार वेगळा. साताऱ्याजवळ औंधला यमाईच्या डोंगराच्या वाटेवर श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे. संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी १९३८ मध्ये ते उभं केलं. रवि वर्म्यापासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंतचा ऐवज एका लहानशा गावात आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत नट आणि चित्रकार चंद्रकांत मांढरे यांचं 'निसर्ग' हे घर त्यांनी शासनाला दिलं, तिथे त्यांच्या चित्रांचं संग्रहालय झालं. जुन्या गोव्यात सांता मोनिका कॉन्व्हेंटमध्ये ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. यातलं पहिलं आणि दुसरं शासकीय, तिसरं तसं नाही. अर्ज कुणाकडे करायचा, हे या फरकावरच ठरतं.

शासकीय संग्रहालय असेल तर तिथल्या अभिरक्षकांची, म्हणजे क्युरेटरची, तोंडी 'हो' पुरत नाही. परवानगी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या वाटेने येते, तुमच्या कॉलेजचं पत्र लागतं आणि कागद फिरायला वेळ लागतो. दोन-तीन महिने हाताशी ठेवूनच सुरुवात करा. ट्रस्टचं संग्रहालय असेल तर मानद सचिव किंवा विश्वस्तांची बैठक आडवी येते. एखाद्या दिवंगत चित्रकाराच्या कुटुंबाने चालवलेली जागा असेल तर अर्ज वगैरे नंतर. आधी एकदा जाऊन नीट बोलावं लागतं, कारण तुम्ही त्यांच्या घरात शिरणार असता.

कुठेही अर्ज करण्याआधी तिकीट काढून एक सबंध दुपार तिथे घालवा. ओळख सांगू नका. कोणत्या चित्रांखाली पाटी नाही, कोणत्या पाटीवरची अक्षरं उडाली आहेत, लोक कुठे थांबतात आणि कुठून न बघता पुढे जातात, हे वहीत टिपा. अर्जाला लागणारा सगळा मसाला या एका दुपारीत मिळतो.

अर्ज

क्युरेटरकडे येणारे बहुतेक अर्ज 'मला लहानपणापासून कलेची आवड आहे' इथून सुरू होतात. तुमचाही तसाच असेल तर तो वाचला जाण्याची आशा सोडा. चार ओळी पुरतात, पण त्या त्या संग्रहालयासाठी लिहिलेल्या हव्यात. उदाहरणार्थ:

'मी गेल्या महिन्यात आपलं संग्रहालय पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या जलरंगचित्रांपैकी बऱ्याच चित्रांना फक्त इंग्रजी पाट्या आहेत. मी युनिकोड मराठीत टंकलेखन करते, जुनी मोडी अक्षरं अडखळत का होईना वाचते आणि कॅमेरा हाताळता येतो. मे-जूनमध्ये आठ आठवडे, आठवड्याचे पाच दिवस येऊ शकते. या दालनाच्या मराठी पाट्यांचं काम आपल्या देखरेखीखाली करायला आवडेल. आपल्याकडे याहून निकडीचं काम असल्यास तेही करीन.'

यात तुम्ही काय पाहिलं, काय येतं, किती दिवस देणार आणि काय करून देणार एवढं सगळं आलं. दालनातल्या उणिवा दाखवताना सूर मात्र सांभाळा. ती पाटी लावणारा माणूसच बहुधा तुमचा अर्ज वाचत असतो.

युनिकोडचा उल्लेख मी मुद्दाम केला. अनेक छोट्या संस्थांत पाट्या, याद्या, जुने अहवाल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये अडकून पडलेले असतात. दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली की नुसती चिन्हं दिसतात. त्या फाइली युनिकोडमध्ये आणून, एकेक जोडाक्षर तपासून देणं हे अगदी साधं काम आहे, पण ते करणाऱ्याला कुणी विसरत नाही.

रुजू होण्याआधी विचारायच्या गोष्टी

मानधन आहे का, ते सरळ विचारा. बहुतेक ठिकाणी नसतं, किंवा प्रवासखर्चापुरतं असतं. विचारण्यात संकोच करू नका आणि 'नाही' म्हटलं तर नाराजही होऊ नका. परवडत नसेल तर आठवड्याचे तीनच दिवस येते म्हणा, बऱ्याच जागा मान्य करतात. कॉलेजच्या ओजेटीचे (प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाचे) क्रेडिट हवे असतील तर हजेरीचा नमुना आणि लागणारे तास पहिल्याच दिवशी देऊन टाका. शेवटच्या आठवड्यात मागच्या दोन महिन्यांच्या सह्या गोळा करत हिंडणारी मुलं मी दरवर्षी बघतो.

तुमचं काम कोण बघणार, त्या माणसाचं नाव ठरवून घ्या. 'सगळेच आहेत' याचा अर्थ कुणीच नाही. साप्ताहिक सुट्टीबद्दलही विचारा. संग्रहालय बंद असतं तो दिवस चित्रं उतरवायला, फोटो काढायला सगळ्यात सोयीचा असतो, कारण दालनात प्रेक्षक नसतात. त्या दिवशी यायला तुम्ही तयार असाल तर तुमच्या हाताला खरं काम लागतं.

पहिला आठवडा

पहिले दोन-तीन दिवस संगणकाला हात लावू नका. दालनातल्या पहारेकऱ्यांबरोबर फिरा. मामा तिथे पंधरा-वीस वर्षं उभे असतात. कोणत्या भिंतीला पावसात ओल येते, कोणत्या खिडकीतून चार वाजता ऊन थेट तैलचित्रावर पडतं, कोणती शोकेस कुलूप लावूनही उघडते, हे त्यांना पाठ असतं आणि कुठल्याच फाइलीत लिहिलेलं नसतं. त्यांनी सांगितलेलं लिहून काढा आणि तारीख टाका. मावशींशीही बोला. काच पुसायचा फवारा थेट काचेवर मारला की तो फ्रेमच्या खाचेतून आत झिरपतो आणि कागदावरच्या चित्राची खालची कड डागाळते. फवारा फडक्यावर मारून मग पुसायचं, एवढीच गोष्ट. पण ती मावशींना तोऱ्यात सांगणारा इंटर्न दुसऱ्या दिवसापासून एकटा जेवतो. क्युरेटरना सांगा, त्यांना सांगू द्या.

मग नोंदवही. प्रत्येक संग्रहालयाचा जीव या जाडजूड वहीत असतो. वस्तू कधी आली, कुणी दिली की विकत घेतली, किती मापाची, कोणत्या माध्यमातली, आणि तिचा ॲक्सेशन नंबर, म्हणजे संग्रहात दाखल होताना मिळालेला क्रमांक. नव्या नोंदींत तो बहुधा वर्षापासून सुरू होतो: १९८७.१२.३ म्हणजे १९८७ साली आलेल्या बाराव्या संचातली तिसरी वस्तू. जुन्या नोंदींत नुसता क्रमांक असतो, आणि तोही मध्येच कुणीतरी बदललेला.

जुन्या पानांसाठी थोडी तयारी करून जा. साल शकात असेल तर त्यात ७८ मिळवा, विक्रम संवतात असेल तर ५७ वजा करा. वर्षाच्या सुरुवाती-शेवटाच्या महिन्यांत एकाचा फरक पडतो, म्हणून तिथे महिनाही बघा. मापं फूट-इंचांत असतात. एप्रिल १९५७ च्या आधीची किंमत रुपये-आणे-पैत असते. देणगीदारांची पत्रं मोडीत असू शकतात. जुना मजकूर तुमच्या यादीत उतरवताना 'सुधारू' नका. वहीत जसं आहे तसं एका रकान्यात, तुमचं वाचन शेजारच्या रकान्यात. पुढच्या माणसाला दोन्ही दिसायला हवं.

वस्तू हातात घेणं

हे वाचून येत नाही, कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवावं लागतं. ते शिकवल्याशिवाय काहीही उचलू नका. काही गोष्टी मात्र आधीपासून माहीत असाव्यात.

उचलण्याआधी ठेवायची जागा तयार करा. टेबल मोकळं, त्यावर धुतलेलं कोरं मांजरपाट, दार उघडं धरायला एक माणूस. अंगठी, घड्याळ, गळ्यातलं ओळखपत्र, मोठी बक्कल काढून ठेवा. लोंबणारं ओळखपत्र रंगाच्या थराला किती सहज ओरखडतं ते बघवत नाही. फ्रेम वरच्या पट्टीला धरून उचलायची नाही. एक हात खाली, एक बाजूला, चित्राचं तोंड आपल्याकडे. मातीचं किंवा चिनी मातीचं भांडं कानाला धरून उचलायचं नाही; आधी कधीतरी तो कान चिकटवलेला असण्याची शक्यता दाट असते. एका वेळी एकच वस्तू, आणि वस्तू हातात असताना मागे पाऊल टाकायचं नाही.

हातमोज्यांबद्दल बराच गैरसमज आहे. सिनेमात दाखवतात ते पांढरे सुती मोजे कागदासाठी उलट त्रासाचे: बोटांना कागद कळत नाही आणि कडा फाटतात. कागद, पुस्तकं स्वच्छ धुतलेल्या कोरड्या हातांनी हाताळतात. धातूच्या मूर्ती, नाणी आणि छायाचित्रांना नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) मोजे. काच आणि गुळगुळीत चिनी मातीला सुती मोजे कधीच नकोत, वस्तू निसटते.

शाईचं पेन स्टोअरमध्ये, म्हणजे वस्तू ठेवायच्या कोठीत, नेऊ नका. पेन्सिल न्या.

कंडिशन रिपोर्ट: एक चित्र नीट बघणं

इंटर्नशिपमध्ये एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिका. वस्तूची आजची अवस्था शब्दांत इतकी नेमकी लिहायची की पाच वर्षांनी दुसरा कुणी तेच चित्र समोर ठेवून सांगू शकेल, काय नवीन बिघडलं.

समजा, समोर फ्रेममधलं एक जलरंगचित्र आहे. चार शब्दांत 'अवस्था ठीक, थोडे डाग' असं लिहून मोकळं होता येतं, आणि त्याचा कुणालाही उपयोग नसतो. त्याऐवजी चित्र टेबलावर आडवं ठेवा. खोलीतले दिवे थोडे कमी करा आणि टॉर्च बाजूने, जवळजवळ कागदाला समांतर धरा. समोरून न दिसलेल्या गोष्टी वर येतात: मध्यभागी उठलेली लाट, उजव्या कडेला जुनी घडी, जिथे कागद पातळ झालाय ती जागा. मग घड्याळाच्या दिशेने, कोपऱ्यापासून सुरुवात करून लिहीत जा: 'खालच्या डाव्या कोपऱ्यापासून ४ सेमी वर, २ सेमी लांब पाण्याचा डाग, कडा तपकिरी. आकाशाच्या भागात विखुरलेले तांबूस ठिपके, सगळ्यात मोठा सुमारे २ मिमी. वरच्या कडेला कसरीने कुरतडल्यासारखी झीज, पृष्ठभागापुरती, आरपार नाही. काच थेट कागदाला टेकलेली. उजवीकडे वर एका जागी चिकटल्याचा संशय.' शेवटचं वाक्य लिहिलंत की पुढे काही करायचं नाही. चिकटलेली काच ओढून काढणं हे प्रशिक्षित संवर्धकाचं काम, तुमचं नाही आणि क्युरेटरचंही नाही.

तैलचित्रात भेगांचं जाळं कुठे आहे, रंगाचे पापुद्रे सुटू लागलेत का, कॅनव्हास सैल पडून खालच्या पट्टीशी कचरा साठलाय का, हे बघा. लाकडी चौकटीखाली बारीक पिठासारखी भुकटी दिसली तर आत किडा जिवंत आहे असं धरून चला आणि लगेच सांगा. ती फुंकून टाकू नका. भुकटी साफ करून तारीख लिहायची आणि आठवड्याने पुन्हा जमते का बघायचं, कारण जुन्या भोकांतूनही ती गळत राहते.

आणि चित्राची पाठ बघा. पाठ म्हणजे त्या चित्राचा प्रवास. फ्रेम करणाऱ्या दुकानाचं लेबल, पेन्सिलीने लिहिलेली किंमत, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनाची चिठ्ठी, एखाद्या संस्थानाचा शिक्का, आधीच्या मालकाचं नाव. सोसायटी १८८८ मध्ये स्थापन झाली आणि वर्षानुवर्षं प्रदर्शनं भरवत आली आहे, त्यामुळे एका चिठ्ठीवरून कधीकधी चित्राचं साल आणि मूळ शीर्षक दोन्ही सापडतात, आणि नोंदवहीतलं 'निसर्गदृश्य, अज्ञात' खोडावं लागतं. पाठीचा फोटो समोरच्या फोटोइतकाच काळजीपूर्वक काढा. फ्रेम बदलायला पाठवतात तेव्हा जुना पुठ्ठा फेकून देण्याची खोड अनेकांना असते. त्या पुठ्ठ्यावरच बहुतेक लेबलं असतात.

फोटो आणि यादी

फोटोसाठी भारी कॅमेऱ्यापेक्षा तिवई, दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश आणि रंगपट्टी-मोजपट्टी महत्त्वाची. फ्लॅश बंद. कॅमेऱ्याचं भिंग चित्राच्या बरोबर मध्याच्या उंचीवर, नाहीतर आयताचा समलंब होतो. फाइलला नाव ॲक्सेशन नंबरचं द्या; 'आयएमजी ४०२३' नावाच्या फाइलीने भरलेला फोल्डर महिन्याभरात निरुपयोगी होतो.

यादीसाठी साधी एक्सेलही चालते. केंद्र सरकारच्या संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने 'जतन' नावाची संगणक प्रणाली केली आहे. ती कुठे बघायला मिळाली तर तिचे रकाने वाचून घ्या आणि तुमची एक्सेल त्याच धर्तीवर आखा. पुढे कधी माहिती तिकडे हलवायची झाली तर कुणीतरी मनातल्या मनात तुमचे आभार मानेल. स्टोअरमधल्या प्रत्येक वस्तूसमोर जागा लिहा: खोली, कपाट, फळी. यादी पूर्ण झाली की दहा क्रमांक डोळे मिटून निवडा आणि ती वस्तू शोधून दाखवा. मग उलट, फळीवरच्या दहा वस्तू उचलून यादीत शोधा. दोन्हीकडून जुळलं तरच यादी झाली म्हणायचं.

पाटी लिहिणं

हे सोपं वाटतं आणि इथेच सगळ्यात जास्त कागद फाटतात. उभ्या माणसाचा पाटी वाचण्याचा धीर पन्नास-साठ शब्दांत संपतो. त्यात चित्रकाराचा जन्म, शिक्षण, पदकं कोंबली तर प्रेक्षक पाटी वाचतो आणि चित्र न बघताच पुढे जातो. चांगली पाटी डोळा परत चित्राकडे वळवते.

सराव म्हणून सगळ्यांना माहीत असलेलं चित्र घ्या: सावळाराम हळदणकर यांचं हातात दिवा धरलेली स्त्री, 'ग्लो ऑफ होप'. ते म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि कित्येक लोक ते रवि वर्म्याचं समजतात. नेहमीची पाटी: 'सुप्रसिद्ध चित्रकार हळदणकर यांची ही अजरामर कलाकृती असून त्यात भारतीय स्त्रीचे सौंदर्य प्रभावीपणे साकारले आहे.' यातून काय कळलं? आता हे बघा: 'दिव्याआड धरलेल्या बोटांकडे बघा. ज्योतीचा उजेड बोटांतून लालसर होऊन बाहेर येतो. हे तैलरंग वाटतात, पण चित्र जलरंगातलं आहे. यात गडद झालेली जागा पुन्हा उजळ करणं फार अवघड. दिवा घेऊन उभी आहे ती चित्रकाराची मुलगी गीता.' पस्तीस-चाळीस शब्द, कौतुकाचं एकही विशेषण नाही, आणि वाचणारा बोटांकडे बघतोच.

पाटी लिहिली की एकदा मामांना मोठ्याने वाचून दाखवा. ते जिथे 'म्हणजे?' म्हणतील ते वाक्य बदला. अक्षर मोठं ठेवा, पाटीवर काचेतली झळाळी येत नाही ना ते बघा, आणि ती अशा उंचीवर लावा की सातवीतल्या मुलाला मान वर करावी लागू नये. चित्राचा मध्य साधारण १४५ ते १५० सेमी उंचीवर ठेवतात. पाटी त्याच्या शेजारी, खाली लपवून नाही.

सहली आणि 'आमच्याकडे रवि वर्म्याचं चित्र आहे'

डिसेंबर-जानेवारीत गेलात तर सहली अंगावर येतात. शंभर मुलं आणि चार शिक्षक, हातात वीस मिनिटं. सगळं दालन दाखवायच्या भानगडीत पडू नका. तीन चित्रं निवडा आणि प्रत्येकापुढे एक प्रश्न विचारा ज्याचं उत्तर चित्रातच आहे: 'यात सकाळ आहे की संध्याकाळ? कशावरून?' मुलं भांडायला लागली की तुमचं काम झालं. 'हात लावू नका' ऐवजी 'हात मागे बांधून बघूया' म्हटलेलं जास्त लागू पडतं.

दुसरे पाहुणे म्हणजे घरातलं जुनं चित्र कापडात गुंडाळून आणणारे. पणजोबांच्या देवघरातलं लक्ष्मीचं किंवा सरस्वतीचं चित्र, खाली रवि वर्म्याची सही, 'खरं आहे का, किती येतील?' बहुतेक वेळा तो छापील ओलिओग्राफ असतो. रवि वर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथली चित्रं घरोघरी पोचली. वरून वार्निश आणि कॅनव्हाससारखा उठाव दिल्यामुळे ती तैलचित्रासारखी दिसतात. भिंगाखाली धरलं की रंगाचे बारीक ठिपके दिसतात. काहींवर घरच्या बायकांनी जर आणि टिकल्या लावून लुगडं नटवलेलं असतं, आणि ती माझ्या मते कोऱ्या प्रतीपेक्षा जास्त बघण्यासारखी असतात.

तुम्ही मात्र खरं-खोटं आणि किंमत, दोन्हींवर तोंड उघडू नका. आदराने बसवा, चित्राची गोष्ट ऐका, क्युरेटरना बोलवा. किंमत सांगणं संग्रहालयाचं काम नाही. कायद्याचीही बाजू आहे: १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याने शंभर वर्षांवरच्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरची महत्त्वाची हस्तलिखितं देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि रवि वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय यांच्यासारख्या नऊ चित्रकारांची कामं 'कलानिधी' म्हणून तशीच राखलेली आहेत. एखाद्या देणगीबद्दल वस्तू कुठून आली याचा कागद नसेल, आणि दाता ते सांगायला टाळाटाळ करत असेल, तर उत्साहाने 'ठेवा ना' म्हणायचं नाही.

इन्स्टावर टाकण्याआधी

नवीन मुलांकडे संग्रहालयाचं खातं सोपवायची पद्धत पडली आहे. चित्र संग्रहालयाच्या मालकीचं असलं म्हणजे त्याचा कॉपीराइटही संग्रहालयाचा असतो असं नाही. भारतात तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून मोजून साठ वर्षं राहतो. महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांची चित्रं २००४ अखेर मुक्त झाली. हळदणकर १९६८ मध्ये गेले, त्यांची २०२८ अखेरपर्यंत नाहीत. ना. श्री. बेंद्रे १९९२ मध्ये गेले, म्हणजे २०५२ अखेरपर्यंत. आपल्या संग्रहातल्या चित्रकारांची मृत्युवर्षं आणि त्यापुढे हे साल, अशी एक पानाची यादी करून दिलीत तर ती क्युरेटरच्या टेबलाच्या काचेखाली जाते.

स्टोअरची दारं, कुलपं, कॅमेरे, वस्तू ठेवलेली नेमकी जागा फोटोत येऊ देऊ नका. शाळेच्या मुलांचे चेहरेही नकोत.

पावसाळा

जून ते सप्टेंबरात इंटर्नशिप असेल तर तुम्ही नशीबवान आहात. संग्रहालयाची खरी परीक्षा तेव्हाच बघायला मिळते. साध्या डिजिटल आर्द्रतामापकाने सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर काही दिवस सलग राहिली की बुरशी धरते. बाहेरच्या भिंतीवरच्या फ्रेमच्या पाठीला खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावले की मागून हवा खेळते. जमिनीवर काहीही टेकवून ठेवू नका, चार इंच तरी उंच हवं. बुरशी दिसली तर वस्तू वेगळी करा, मास्क लावा, सांगा; ओल्या फडक्याने पुसायचा मोह आवरा, त्याने ती कागदात आणखी रुतते.

प्रकाशाचंही असंच आहे, फक्त नुकसान हळू होतं आणि परत भरून येत नाही. कागद, कापड, जलरंग यांना ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास, तैलरंगांना १५० ते २०० लक्स. 'दालन अंधारं आहे' अशी तक्रार प्रेक्षक करतील, तेव्हा कारण सांगता आलं पाहिजे.

शेवटचे दोन आठवडे

नवीन काही सुरू करू नका. हातातलं पूर्ण करा. साठ चित्रांचं ठरवलं होतं आणि चाळीसच होणार असतील, तर चाळीस चोख करा आणि उरलेल्या वीसांचे क्रमांक स्वच्छ लिहून ठेवा. अर्धवट साठपेक्षा ते कितीतरी बरं.

दोन पानांचं हस्तांतर टिपण लिहा: काय केलं, फाइली कोणत्या फोल्डरमध्ये आहेत, संक्षेप कशासाठी वापरलेत, कोणत्या नोंदीबद्दल शंका आहे आणि का. 'शंका' हा रकाना भरलेला असेल तर तुमच्या बाकीच्या नोंदींवर विश्वास बसतो. सगळं पेन ड्राइव्हवर आणि कार्यालयाच्या संगणकावर, दोन्हीकडे द्या. स्वतःच्या लॅपटॉपवर संग्रहाचे फोटो ठेवायचे असतील तर लेखी विचारा. पोर्टफोलिओसाठी पाच-सहा प्रतिमा बहुतेक ठिकाणी देतात.

प्रमाणपत्रावर 'समाधानकारक काम केले' एवढंच येणार असेल तर नम्रपणे मसुदा तुम्हीच करून द्या. त्यात आकडे आणि कामाचं नाव हवं: इतक्या वस्तूंचे कंडिशन रिपोर्ट, इतक्या मराठी पाट्या, अमुक कपाटाची पडताळणी. पाट्यांच्या किंवा सूचीच्या श्रेयनामावलीत आपलं नाव येईल का तेही आत्ताच विचारा, छपाईला गेल्यावर नाही. पुढे याच क्षेत्रात शिकायचं मनात असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्राचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो, आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. दोन्हीकडे शिफारसपत्र लागलं तर ते ज्यांच्या हाताखाली काम केलंत त्यांच्याकडूनच घ्या, आणि मागताना तुमच्या हस्तांतर टिपणाची एक प्रत सोबत जोडा. वर्षभराने त्यांना तुमचा चेहरा आठवेल, पण तुम्ही कोणत्या कपाटाची यादी केली होती ते आठवणार नाही.